कार्ड कुणाच्या पाकिटात आहे?

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी २६ वर्षे नोकरी करीत आहे. आम्ही सिडकोत राहतो. माझी मुलगी २३ वर्षांची असून तिला जन्मापासून अल्पदृष्टी आहे. प्रमाणपत्रावर ७० टक्के लिहिलेले आहे. दहावी, बारावी आणि बी.ए. या तिन्ही परीक्षा तिने लेखनिक घेऊन चांगल्या गुणांनी पूर्ण केल्या. बी.ए. होऊन सव्वा वर्ष झाले, तेव्हापासून ती घरीच आहे. तिच्या भावाने तीन सरकारी भरत्यांचे अर्ज भरले. एका परीक्षेला ती बसली, पण निवड झाली नाही. आता ओळखीच्या एका गृहस्थांनी अंबडलाच एका खासगी कंपनीत, ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून नोंदविण्याचे काम सुचविले आहे. पगार १४ हजार सांगतात. तिचे मामा म्हणतात, ४ टक्के आरक्षण असताना खासगीत कशाला राबायचे, सरकारी लागेपर्यंत थांबा. आई म्हणते, एम.ए. करू दे, तेवढीच दोन वर्षे सरतील. शेजारी म्हणतात, निराधारची पेन्शन लावा. मुलीला विचारले तर ती म्हणते, ‘तुम्ही ठरवाल ते.’ ती एकटी कधी बाहेर गेलेली नाही, कारण इथली वाहतूक आपण जाणताच. प्रमाणपत्र, कार्ड, सर्व कागद मी फाइल करून जपून ठेवले आहेत. आम्ही काय करावे?
— एक वडील, सिडको, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात वाटले की प्रश्न चार वाटांमधून एक निवडण्याचा आहे. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की पत्रात मामा बोलतात, आई बोलते, शेजारीही बोलतात. जिच्याविषयी हे सारे चालले आहे, तिच्या वाट्याला मात्र तीन शब्द आलेले आहेत. बी.ए. झालेली, चांगले गुण मिळविलेली २३ वर्षांची मुलगी ‘तुम्ही ठरवाल ते’ असे म्हणते, तेव्हा तिला मत नसते असे मला वाटत नाही. मत मागितले जाण्याची आणि ते मानले जाण्याची सवय तिला लागलेली नसते. म्हणून आपण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मी देणारच आहे, पण त्याआधी एक प्रश्न आपल्याला विचारतो. तिचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे आपण जपून ठेवलेले ते पिवळ्या पट्ट्याचे कार्ड, तिच्या पर्समध्ये आहे की आपल्या फाइलमध्ये? त्यावरचा क्रमांक तिला ठाऊक आहे का? अर्ज भावाने भरले असे आपण लिहिता; मग त्या अर्जांचा पासवर्ड तिला माहीत आहे का, आणि लेखनिक हवा असल्याची नोंद अर्जात कुठे करायची असते, हे तिने एकदा तरी पाहिले आहे का? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर वाट कोणतीही निवडली तरी चालणारे पाय तिचे नसतील.

आता मामांच्या म्हणण्याकडे वळू, कारण घराघरांत हेच म्हणणे सर्वांत जास्त ऐकू येते आणि त्याने सर्वांत जास्त वर्षे वाया जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ अन्वये सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, हे खरेच आहे. परंतु ते चार टक्के एकट्या आपल्या मुलीची वाट पाहत थांबलेले नाहीत. त्यांपैकी १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी यांच्यासाठी, १ टक्का कर्णबधिर आणि ऐकू कमी येणाऱ्यांसाठी, १ टक्का अस्थिव्यंग, मेंदूचा पक्षाघात, बुटकेपणा, आम्लहल्ल्याचे बळी, स्नायूंचा क्षय आणि कुष्ठरोगमुक्त यांच्यासाठी, आणि उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. म्हणजे ३०० जागांची भरती निघाली तर आपल्या मुलीच्या गटाला ढोबळमानाने ३ जागा येतात, आणि त्या तीन जागांसाठी राज्यभरातील पूर्णतः अंध व अल्पदृष्टी असलेले सर्व उमेदवार एकत्र स्पर्धा करतात. त्यातही ते पद अल्पदृष्टी उमेदवारांसाठी ‘निश्चित’ केलेले असावे लागते. जाहिरातीत पदापुढे ‘बी’ (अंध) किंवा ‘एलव्ही’ (अल्पदृष्टी) अशी अक्षरे असलेला एक रकाना असतो. सगळे पगाराचा रकाना वाचतात आणि नेमका हा वाचत नाहीत. मागील तीन अर्जांपैकी किती पदे खरोखर अल्पदृष्टीसाठी खुली होती, हे भावाने जाहिराती पुन्हा उघडून पाहावे. योग्य उमेदवार न मिळाल्यास जागा पुढील वर्षासाठी राखून ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे, त्यामुळे अनुशेषाच्या जागा अधूनमधून एकगठ्ठा निघतात हेही खरे. पण त्या केव्हा निघतील यावर कोणाचेही नियोजन उभे राहू शकत नाही.

मी सरकारी परीक्षा सोडून द्या असे म्हणत नाही. उलट राज्य सेवेतील अनेक पदांसाठी दिव्यांगांची वयोमर्यादा ४५ वर्षांपर्यंत शिथिल आहे, म्हणजे आपल्या मुलीच्या हाती अजून वीस-बावीस वर्षे आहेत. उशिरा शिकणाऱ्या, मध्येच उपचारांत वर्षे गेलेल्या उमेदवारांना या सवलतीचा आधार होतो, पण तिचा दुसरा अर्थ असा की बाकी सारे सोडून घरात बसून वाट पाहण्याची गरज नाही. परीक्षा आणि नोकरी या दोन गोष्टी एकाच वेळी चालू शकतात; आपल्या कारखान्यातील कितीतरी तरुण पाळी सांभाळून अभ्यास करीत असतील. तिच्यासाठी निराळा नियम का?

परीक्षेच्या तयारीसंबंधी एकच गोष्ट विस्ताराने सांगतो, कारण ती कोणत्याही शिकवणीत सांगितली जात नाही. लेखी परीक्षांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार पात्र उमेदवाराला तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे. त्या सूचनांत लेखनिक आपला आणण्याची किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून मागण्याची मुभा होती, आणि आपला आणल्यास त्याचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी कमी असावे लागे; लेखनिकाचे नियम २०२५ मध्ये बदलले आहेत, तेव्हा ते प्रत्येक परीक्षेच्या जाहिरातीत पाहून घ्यावेत. या सर्व सोयी कागदावर मिळतात आणि तरीही मुले मागे पडतात, याचे कारण परीक्षेच्या सकाळी प्रथमच भेटलेला लेखनिक. आकृतीचा प्रश्न आला की तो ‘इथे एक त्रिकोण आहे, त्यात काहीतरी काळे आहे’ असे सांगतो, आणि उमेदवाराची तीन मिनिटे त्या ‘काहीतरी’वर जातात. बी.ए.ची दीर्घोत्तरी परीक्षा आणि वस्तुनिष्ठ स्पर्धा परीक्षा यांत लेखनिकाचे काम पूर्णपणे निराळे असते. म्हणून लेखनिक ठरवून घ्यावा, दर रविवारी त्याच्यासोबत घड्याळ लावून एक पेपर सोडवावा, आणि कोणता प्रश्न सोडून पुढे जायचे हे सांगण्याची भाषा दोघांनी आपसांत ठरवावी. संगणकावरील परीक्षेत अक्षरे मोठी करून ती स्वतः वाचू शकते का, हेही याच सरावात कळेल. वाचू शकत असेल तर लेखनिकापेक्षा ते केव्हाही बरे.

आईंच्या सूचनेबद्दल थोडे स्पष्ट बोलतो, त्यांनी राग मानू नये. एम.ए. करण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते ‘वर्षे सरतील’ या शब्दांत. ज्या मुलींना शिकायची ओढ असते त्यांनी जरूर शिकावे, आणि त्यासाठी नाशिककरांना लांब जाण्याची गरजही नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच शहराच्या वेशीवर, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे, आणि नोकरी करीत शिकणाऱ्यांची तेथे सोय आहे. नियमित महाविद्यालयात जायचे असेल तर उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयातही ५ वर्षांची सूट आहे. पण तिला कोणता विषय शिकायचा आहे, हे पत्रात कोठेही नाही. पदवी वेळ घालविण्यासाठी घेतली की तिच्या शेवटी पुन्हा हेच पत्र लिहावे लागते, फक्त मुलीचे वय २५ झालेले असते.

पेन्शनविषयी फार लिहीत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत उत्पन्नाची अट आहे. आपण पगारदार असल्याने तहसील कार्यालयात ती आधी तपासून पाहावी. पात्रता असेल तर अनुदान घेण्यात कमीपणा नाही. मात्र पेन्शनला नोकरीचा पर्याय समजणे म्हणजे छत्री मिळाली म्हणून घर बांधणे रद्द करण्यासारखे आहे.

आता अंबडच्या नोकरीबद्दल. माझे मत विचाराल तर ती तिने घ्यावी, पण डोळे मिटून घेऊ नये. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी काम करणारे साधारण ३६ टक्के होते, पुरुषांत ४७ आणि स्त्रियांत अवघे २३ टक्के. हे आकडे जुने आहेत, तरी त्यांतील स्त्री-पुरुषांमधली दरी मला आपल्या पत्रातही दिसते. समजा हीच अल्पदृष्टी मुलीऐवजी मुलाला असती, तर सव्वा वर्ष तो घरी बसला असता का, याचा विचार आपण एकट्याने, कोणी ऐकत नसताना करून पाहावा.

शिक्षण आणि नोकरी यांमधला हा रिकामा काळ हीच खरी धोक्याची जागा आहे. शाळेत शिक्षक होते, लेखनिक होता, वर्गात पुढचा बाक होता, परीक्षेची तारीख होती. महाविद्यालय संपताच हे सर्व एका दिवसात नाहीसे होते आणि त्या जागी फक्त घर उरते. घर प्रेमळ असेल तर धोका अधिक, कारण तेथे पाण्याचा पेला हातात येतो, फोनचे रिचार्ज कोणीतरी करते आणि रस्ता ओलांडावाच लागत नाही. दोन वर्षांनी मुलाखतीत ‘आपण सध्या काय करता?’ असे विचारल्यावर उमेदवार वडिलांकडे पाहतो. हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे, आणि दर वेळी वडीलच उत्तर देतात.

तरीही सावधगिरीचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या परिचयातील एका अल्पदृष्टी तरुणाला एका कारखान्याच्या भांडार विभागात घेतले गेले. पगार वेळेवर मिळे, सगळे आदराने वागत, सणाला मिठाईचा डबा येई. आणि काम मात्र कोणी देत नसे. ‘तू बस, आम्ही करतो,’ असे पर्यवेक्षक मायेने सांगत. वर्षभराने कंत्राट संपले तेव्हा त्याच्याकडे अनुभवाचे पत्र होते आणि सांगण्यासारखा अनुभव एकही नव्हता. त्यानंतर त्याने दुसरीकडे नोकरी धरली, ती पगाराला कमी होती, पण तेथे दिवसाला ठरावीक नोंदी स्वतः कराव्या लागत. आज तो त्याच विभागात नव्या लोकांना शिकवतो. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न पगाराचा नको, कामाचा हवा. दिवसाला किती फोन? तक्रार कोणत्या प्रणालीत नोंदवायची, आणि त्या प्रणालीत अक्षरे मोठी होतात का? पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारे सॉफ्टवेअर तिच्यावर चालते का? विंडोजच्या संगणकात खिडकीचे चिन्ह असलेले बटण आणि अधिकचे बटण एकदम दाबले की पडद्यावर भिंग उघडते. त्यासाठी कंपनीला एक रुपयाही खर्च नाही. मजकूर वाचणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. पण कंपनीच्या संगणकात बाहेरचे काही बसवायला तेथील तंत्रविभागाची परवानगी लागते, आणि पहिल्या आठवड्यात ती न मिळाल्यामुळे ‘हिला जमत नाही’ असा शेरा बसतो. तेव्हा रुजू होण्याआधीच हे लेखी मागावे. कायदा यालाच वाजवी सोय म्हणतो. मागणी उपकाराची नसून उत्पादनाची आहे, अशा सुरात ती केली की व्यवस्थापनालाही ती पटकन समजते.

वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधीचे धोरण तयार करून जाहीर करावे लागते, आणि दिव्यांगांसाठी योग्य पदे कोणती व सोयी कोणत्या, हे त्यात लिहावे लागते. मुलाखतीच्या दिवशी तिने हे धोरण पाहायला मागावे. ते नसेल तर भांडू नये. पण विचारल्याने समोरच्याला कळते की उमेदवाराला आपले हक्क माहीत आहेत. नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा यांबाबत आपल्याला मी काय सांगणार. सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयाची पायरी आपण इतकी वर्षे चढत असाल. एवढेच ध्यानात असू द्यावे की कामगार विम्यासाठी पगाराची मर्यादा इतरांना २१ हजार आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांना २५ हजार आहे, म्हणजे पुढे पगार वाढला तरी ती लगेच योजनेबाहेर जाणार नाही. पगाराचे खाते तिच्या एकटीच्या नावे असावे आणि त्याचे कार्डही तिच्याच पर्समध्ये.

नोकरी मिळाली तरी ती तेथपर्यंत जाणार कशी, हा खरा प्रश्न आपल्या पत्रातल्या शेवटून तिसऱ्या वाक्यात दडलेला आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. आपण दोघेही अंबडलाच जाणार, तेव्हा ‘मीच गाडीवर सोडीन’ असे आपण मनात ठरविले असेल. पहिला महिनाभर सोडा. पण आपली निवृत्ती फार दूर नाही, आणि आपली पाळी बदलली त्या दिवशी तिची नोकरी बदलू नये. सातपूरला राष्ट्रीय अंध संघाची म्हणजे नॅबची महाराष्ट्र शाखा आहे. तेथे जाऊन काठी घेऊन एकटे चालण्याच्या रीतसर शिक्षणाची चौकशी करावी. ‘तिला थोडे दिसते, काठी कशाला?’ असे आपण म्हणाल. काठी जितकी तिच्यासाठी, तितकीच रिक्षावाल्यासाठी असते. तिला दिसते की नाही हे समोरच्या वाहनाला कळत नाही, आणि अल्पदृष्टी असलेल्या माणसाचे बरेच अपघात ‘दिसत असेल’ या समजुतीनेच होतात. घडी होणारी पांढरी काठी पर्समध्ये मावते. त्रिमूर्ती चौक ओलांडताना उघडावी, कंपनीत शिरताना मिटावी.

मग बस. सिटीलिंकच्या बसवरचा क्रमांक उजळत्या अक्षरांत असला तरी भर उन्हात अल्पदृष्टीला तो दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा धरून चित्र मोठे केले की दिसतो, किंवा सरळ वाहकाला विचारता येते. दोन्ही गोष्टींना सराव लागतो आणि दुसरीला धीरही लागतो. पहिले काही दिवस आपण तिच्या मागे दहा पावलांवर चालावे आणि काहीही बोलू नये. ती चुकीच्या बसमध्ये चढली तर चढू द्यावे, आपणही मागच्या दाराने चढावे. शहरात चुकलेली बस म्हणजे फार तर अर्धा तास आणि परतीचे तिकीट. एवढ्या किमतीत याहून चांगले शिक्षण नाशकात मिळत नाही. एस.टी.च्या प्रवासात दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. पुढेमागे परीक्षेसाठी पुण्याला किंवा संभाजीनगरला जावे लागेल तेव्हा तिकीट तिनेच, स्वतःचे कार्ड दाखवून काढावे.

कोणी टक्केवारीवर बोट ठेवून नकार दिला तर खचू नये. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ टक्केवारी अधिक आहे म्हणून उमेदवार अपात्र ठरत नाही; तो अभ्यासक्रम तो प्रत्यक्षात पूर्ण करू शकतो का, हे तपासणाऱ्या मंडळाने पाहायचे असते. तो निकाल प्रवेशाविषयीचा आहे, पण त्यामागचे तर्कशास्त्र आपल्याला घरीही वापरता येईल. ७० हा आकडा जिल्हा रुग्णालयात डोळ्यांचा मोजलेला आहे. ती फोनवर चिडलेल्या ग्राहकाला शांत करू शकते का, मराठी आणि हिंदीत चटकन नोंद लिहू शकते का, आठ तास एका जागी लक्ष देऊ शकते का, हे त्या आकड्यात कोठेच नाही आणि ते आपल्यालाही ठाऊक नाही, कारण अजून कोणी पाहिलेलेच नाही. तीन महिन्यांत कळेल. जमले नाही तर नोकरी सोडता येते. तीन महिन्यांचा पगार आणि बसचा रस्ता तरी हाती राहतो.

राहता राहिला एक तपशील. अल्पदृष्टी असलेल्या बऱ्याच जणांना अंधार पडल्यावर दिवसाच्या मानाने फारच कमी दिसते, आणि नाशकात थंडीच्या दिवसांत सहा वाजताच अंधारून येते. तेव्हा कामाची वेळ काय, दुसरी पाळी असते का, आणि असल्यास तिला सकाळचीच पाळी मिळेल का, हे होकार देण्यापूर्वी कंपनीला फोन करून विचारावे लागेल. हा फोन तिने करावा. आपण शेजारी बसलात तरी चालेल, पण फोन स्पीकरवर ठेवू नये.